ल्युशचं नवं पाप

"माझी पापं ऐकून घ्या, डोम."

डोम प्रेंद दचकले. डोम म्हणजे पाद्री; या म्हाताऱ्या पाद्र्याच्या कोठडीत ल्युशला आजच आणून टाकलं होतं. डोंगरातला धिप्पाड धनगर, पण उपाशी. डोम प्रेंदनी रीतीप्रमाणे आपली भाकर मोडली, मीठ लावून निम्मी त्याला दिली. पाहुणा तो पाहुणा, श्कोडरचा तुरुंग असला म्हणून काय झालं? पण खाताना गड्याची मान काही वर होईना.

सरकारनं कायदा करून देवच बंद केला होता. पापनिवेदन ऐकणाऱ्या पाद्र्याला गोळी. मग हा खरंच पश्चात्तापानं पोळलाय, की पोलिसांनी हेर म्हणून सोडलेला आहे?

आणि त्याहून मोठा घोळ त्यांच्या स्वतःच्याच मनात होता. हल्ली प्रार्थना मधेच अडायची. वर ऐकणारा कुणी आहे का, हेच कळेनासं झालं होतं. नाही म्हणायला जीव धजेना, आहे म्हणायला जीभ रेटेना. मग याची पापं धुवायची तरी कुणाच्या नावानं?

तरी ते भिंतीकडे तोंड करून बसले. "बोल बाबा. हळू बोल."

"मला तुमच्यावर नजर ठेवायलाच पाठवलंय. तुम्ही पापं ऐकलीत, की साहेबाला सांगायचं. मग मला घरी सोडणार."

क्षमा द्यायला हात उचलला तर मरण. पण हा एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडत होता. आपण हे का करतोय ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही, पण हात उठला. क्षमेचे शब्द त्यांनी कसेबसे पुटपुटले.

संध्याकाळी शिपाई ल्युशला घेऊन गेला. डोम प्रेंद दाराकडे डोळे लावून बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला.

दार उघडलं. ल्युशला आत ढकललं. त्याचा ओठ फुटला होता.

"घरी नाही सोडलं? काय सांगितलंस रे त्यांना?"

"तुमच्या हातचं मीठ खाल्लंय डोम, चुगली कशी करू?" त्यानं तोंडावरचं रक्त पुसलं. "म्हटलं, कसली पापं आणि कसलं काय, त्या म्हाताऱ्याचा देवावरचा विश्वासच उडालाय." मग तो जवळ सरकला. "एवढं खोटं बोललो. तेवढं माफ करा."



"खरंय बाबा," डोम प्रेंद म्हणाले, "खोटं बोललास तू."

आपल्याच तोंडून ऐकेपर्यंत त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.