बहात्तर की त्र्याहत्तर

"भावोजी, हा फोन आता हर्षिताला देणार आहे. त्याआधी यातलं तुम्हाला काही हवं असेल तर काढून घ्या." देवश्रीनं श्रीहरीचा फोन वादिराजच्या पुढ्यात ठेवला.

वादिराजनं हात मागे घेतला.

श्रीहरी त्याचा धाकटा भाऊ, देवश्रीचा नवरा. दुपारीच त्याचं वर्षश्राद्ध झालं होतं. के. आर. पुरमच्या त्या घरातून भटजी गेले होते, पाहुणे पांगले होते. हर्षिता, श्रीहरीची मुलगी, आत झोपली होती. वर्षभरात वादिराज शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बनशंकरीहून इथं कितीदा तरी आला होता. घरातल्या प्रत्येक गोष्टीची त्यानं चौकशी केली होती. या फोनची मात्र कधीच नाही.

"हर्षिता पी. यू. सी.ला, अकरावीला गेली ना. तिला लागतो," देवश्री म्हणाली. "बघा तरी. तुमच्या दोघांच्या भांडणांनीच भरलाय."

भांडण एकच होतं. बास्केटबॉलचा आजवरचा सर्वांत मोठा मोसम कोणता? वादिराज म्हणायचा, शिकागोचा. ब्याऐंशी सामन्यांतले बहात्तर जिंकले आणि वर अजिंक्यपदही. श्रीहरी म्हणायचा, वीस वर्षांनी गोल्डन स्टेटनं त्र्याहत्तर जिंकले, तो. पण ते अंतिम मालिकेत हरले, तेही शेवटच्या सातव्या सामन्यात. वादिराज तिथंच बोट ठेवायचा. शेवटी हरलेला संघ पहिला कसा? श्रीहरी आकडे काढायचा, कोणी किती गुण केले, कोणी कोणाला किती फरकानं हरवलं, सगळं सांगायचा. लग्नात, मुंजीत, आईच्या आजारपणात दवाखान्याच्या पायरीवरसुद्धा हा वाद चालला होता. दोघांपैकी एकानंही कधी माघार घेतली नव्हती.

एकदा सोडून.

त्या सकाळी वादिराजनं लागोपाठ चार मेसेज केले होते. शेवटचा होता, 'उत्तर नाही म्हणजे हरलास.' आठ चोपन्नला उत्तर आलं, 'सरी अण्णा, मान्य. तू जिंकलास. बहात्तरच.' वादिराज ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकटाच हसला होता.

दहा वाजता फोन आला. होसकोटेच्या रस्त्यावर, कारखान्याच्या अलीकडे, रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या टँकरखाली श्रीहरीची मोटारसायकल गेली होती. पोलिसांच्या कागदावर वेळ होती, पावणेनऊ ते नऊ. स्मशानात कोणीतरी हळूच म्हणालं, टँकर काय लहान असतो? लक्ष दुसरीकडे असणार.

तेव्हापासून वादिराज रोज सकाळी आठ चोपन्नला हातातलं काम थांबवायचा. थांबवायचा म्हणजे ते आपोआप थांबायचं. त्याला एका हातानं हँडल धरलेला श्रीहरी दिसायचा. दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर. मान खाली. समोर टँकर. वादिराज त्याला हाक मारायचा आणि श्रीहरी मान वर न करता म्हणायचा, सरी अण्णा. टीव्हीवर सामना लागला की वादिराज खोलीतून उठून जायचा. बायकोला वाटायचं, भावाची आठवण येते.

"मी नाही हात लावणार त्याला," तो म्हणाला.

"का?"

मग त्यानं सांगितलं. वर्षभर कोणालाच न सांगितलेलं, खाली बघत, सलग सांगितलं. "मी मेसेज केला नसता तर त्यानं वर पाहिलं असतं. मी त्याला मारलं, देवश्री."

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. ती उठून बंद करून आली, पण पुन्हा खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"फोन त्यांच्याकडे नव्हताच."

वादिराजनं वर पाहिलं.

"मिक्सरशेजारी चार्जिंगला लावला होता. तसाच विसरून गेले. हर्षिताची बस चुकली होती, दूध उतू गेलं होतं, आणि हा मेला सारखा वाजत होता. टिंग, टिंग. शेवटी मीच लिहिलं."

"तू?"

"तुमची कटकट थांबावी म्हणून. संध्याकाळी त्यांना सांगणार होते. चिडले असते स्वल्प, मग हसले असते." तिचा आवाज बारीक झाला. "नंतर तुम्हाला सांगायचा धीरच झाला नाही. जन्मात कधी हार मानली नाही त्यांनी. शेवटच्या दिवशी त्यांच्या नावावर मी ती लिहून ठेवली. वर्षभर हा फोन कपाटात साड्यांखाली होता. कपाट उघडायची भीती वाटायची मला."

वादिराज बसून राहिला. छातीवरचं ओझं उतरलं असं वाटायला हवं होतं. उतरलंही होतं. पण त्या जागी दुसरंच काहीतरी दुखू लागलं होतं. ते उत्तर भावाचं नव्हतं. भावाचं शेवटचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"मग त्याचं उत्तर काय होतं?" त्यानं विचारलं.

"मला कुठलं कळतंय त्यातलं?" देवश्रीनं पदरानं डोळे पुसले. "पण निघताना बूट घालत होते. फार खुशीत होते. म्हणाले, आज अण्णाला गप्प करतो. आकडे नकोत आता, एकच विचारतो त्याला. शेवटचा दिवस वाईट गेला म्हणून आधीचे त्र्याहत्तर दिवस पुसून टाकायचे का?"