जुनी टाकी

सकाळी साडेआठला जेसीबी जुन्या टाकीपाशी आला, तेव्हा बंकट वर जाऊन बसलेला होता.

नगराध्यक्ष अर्जुनराव पायथ्याशी उभे होते. टाकी पाडायचा ठराव त्यांचाच. तिच्यात पाणी चढलं त्याला एक तप उलटलं. माणसं मात्र नेमानं चढत. कुणी नळासाठी, कुणी पीकविम्यासाठी, एक जण तर बायको माहेराहून यावी म्हणून. खुद्द अर्जुनराव एकदा पाण्यासाठी चढले होते. उतरले, आणि पुढच्याच निवडणुकीत निवडून आले.

"बंकट, खाली ये बे! मागणी काय हाय तुजी?"

"टाकी पाडू नका!"

"कावून? थेंब न्हाई तिच्यात."

"मग आमी चढायचं कुठं, अध्यक्षसाहेब? नव्या टाकीला तुमी कुलूप लावलंय!"

जमलेल्या लोकांना हे पटलं. पटलेलं दिसताच अर्जुनरावांनी चपला काढल्या. आपण वर गेलो की हा लाजेनं उतरेल, असा त्यांचा हिशेब.

"आवं, गुडघे!" त्यांची बायको मुक्ताबाई ओरडली. तोवर ते शिडीच्या निम्म्यावर होते.

बंकटनंच हात देऊन त्यांना वर ओढून घेतलं. खालून शिट्ट्या आल्या. "अर्जुनराव, तुम आगे बढो!" जुन्या सवयीनं त्यांचा हात वर गेला. मग त्यांनी खाली पाहिलं आणि दोन्ही हातांनी कठडा धरला.

"टाकी ऱ्हाती का?" बंकटनं विचारलं.

"ऱ्हाती. शब्द देतो. तू हो पुढं."

"आन् तुमी?"

अर्जुनरावांनी कठडा आणखी घट्ट धरला.

"बीडहून फायरवाले बोलवू?"

"नगराध्यक्षाला उतरवाया? लोकं काय म्हनतील बे!"

"मग खाली काय सांगू?"

अर्जुनरावांनी बराच विचार केला. "सांग, आंदोलनाला बसलेत."

बंकट उतरला. जेसीबी परत गेला. दुपारी मुक्ताबाईनं दोरीला बांधून डबा आणि गुडघ्याच्या गोळ्या वर धाडल्या. संध्याकाळी मुख्याधिकारी लेखी आश्वासन घेऊन आले. सही-शिक्का झालेला, मागणीची जागा तेवढी कोरी. ती भरून घ्यायला त्यांनी बंकटला पुन्हा वर पाठवलं आहे. अर्जुनरावांची मागणी अद्याप समजलेली नाही.