सौम्या भाषेतली तक्रार

"तुम्ही माझ्या भावाला मारलंत," असं सगुणा घरत पुन्हा सांगायला गेली. गळ्यातल्या चिपने शब्द अडवले आणि तिच्याच आवाजात बाहेर पडलं, "भाऊ गेला."

कंपनीने कामगारवस्तीसाठी घडवलेल्या 'सौम्या' भाषेत ट, ठ, ड, ढ नव्हते, आणि करणाऱ्याचं नाव घ्यायची तर सोयच नव्हती. वायू गळायचा, माणसं जायची. कोणी काही केलेलं नसायचं. चिप बसवल्याशिवाय वस्तीत कोणाला राहू देत नसत.

"बघा ताई, किती शांतपणे बोलता येतं," चौकशीला बसलेले कंपनीचे साहेब म्हणाले. त्यांच्या गळ्यात चिप नव्हती. "मग तक्रार नाही, असंच धरू ना?"

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात आलेली प्रत्येक शिवी घशातच विरघळली. मग तिला शिमगा आठवला. तिने पालथा हात तोंडावर आपटत बोंब ठोकली. त्यात ना शब्द होता ना वाक्य. चिपला अडवण्यासारखं काही सापडलंच नाही.

साहेब घाईघाईने दार लावायला उठले. बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्या बायकांचे हात तोवर तोंडाशी पोचले होते.