जनरलचा गळा

"शिस्त वरून खाली येते!" गावचे माजी कप्तान, म्हणजे आपल्याकडचे सरपंच, मागबानुआ यांनी चौकातल्या मंडळींना बजावलं आणि पुढच्याच क्षणी ते स्वतः उतारावरून खाली आले. कुत्र्यानं ओढलं होतं. कुत्र्याचं नाव जनरल, त्यामुळे हुद्द्याच्या दृष्टीनं यात काही गैर नव्हतं.

जनरल रोजच्यासारखा मानांग सेपाच्या, म्हणजे सेपाताईच्या, फाटकात जाऊन थांबला. आत ती सुकी मासळी तळत होती.

"आलात ओढत?" सेपा बाहेर आली. "कप्तान, फिरायला कोण कुणाला नेतं?"

"माफ करा, मानांग. ऐकतच नाही लेकाचा."

"बरं, आता आलाच आहात तर टेका."

जनरलला माशाचं डोकं मिळालं, कप्तानांना कॉफी. अख्ख्या दिवसात कप्तानांचं माणसाशी बोलणं होई ते एवढंच.

तेवढ्यात जनरल खोकला. बदक ओरडावं तसा.

इलोइलो शहरातून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गळ्यावरून बोट फिरवलं. "श्वासनळी दबलीय. गळपट्टा आजपासून बंद. हा पट्टा त्याच्या अंगात घाला आणि दोरी छातीवरच्या कडीत अडकवा. त्यानं ओढलं की तोंड आपोआप तुमच्याकडे वळेल."

"म्हणजे ओढायचाच थांबेल?"

"अगदी."

कप्तानांचा चेहरा पडला. बाईंना वाटलं, कुत्र्याच्या काळजीनं.

जनरल लवकरच शहाणा झाला. फाटकापाशी नाक वर करी, मग कप्तानांकडे बघे आणि हुकमाची वाट पाहत पायाशी चालू लागे. हुकूम काही सुटत नसे. एकट्या बाईच्या फाटकात आपल्या पायांनी शिरणं कप्तानाला शोभत नाही. ओढून नेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी.

"जनरलला शिस्त लागली हो!" सेपा आतूनच म्हणाली.

"लागली," म्हणत कप्तान पुढे गेले. पुढे नुसता समुद्र होता. थोडा वेळ त्याच्याकडे बघून ते परत आले.

एका सकाळी त्यांनी जुना गळपट्टा बांधला. फाटकाच्या दिशेनं हिसका बसला, आणि जनरल पुन्हा तसाच खोकला. कप्तान रस्त्यातच खाली बसले. पट्टा सोडला. त्याच्या गळ्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जनरलच्या छातीवर नवा पट्टा होता. कप्तान फाटकासमोर ताठ उभे राहिले आणि भाषणाआधी खाकरत तसे खाकरले.

"मानांग सेपा, एक माजी कप्तान या नात्यानं मला आपल्यापुढे एक निवेदन..."

"अहो, बोला की!"

कप्तानांनी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्यानं कप्तानांकडे.

"याला जरा हाक मारता का?"