पायपट्ट्या

सैन्यातले जुने हुद्दे मोडीत निघाले, तेव्हा कर्नल ओस्ताप ती बातमी सांगायला स्वतः पोल्तावाजवळच्या खेड्यात गेला. त्याच्या पहिल्या कंपनीचा स्तारशिना, म्हणजे सगळ्या हवालदारांतला वडीलधारा, म्हातारा पानास तिथं राहायचा.

"स्तारशिना हा हुद्दाच राहिला नाही, पानासकाका."

"आणि पायपट्ट्या?"

"त्या तर केव्हाच गेल्या. पोरं आता फडकी गुंडाळत नाहीत, मोजे घालतात."

"म्हणजे मला अख्खाच भंगारात काढलात की," म्हातारा हसला. "बरं, आलायस तर एवढी पट्टी बांधून दे. कंबर वाकत नाही."

कर्नल जमिनीवर बसला आणि फडकं पायाला गुंडाळू लागला. ते नीट बसेना, कारण त्या पावलाला बोटंच नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वी बर्फातल्या सरावात म्हाताऱ्यानं पोटाशी बांधून सुकवलेली आपल्या पायपट्ट्यांची कोरडी जोडी एका भिजलेल्या रंगरुटाला दिली होती. त्या रंगरुटाची, ओस्तापची, दहाही बोटं आज बुटात शाबूत होती.

"टाचेला सुरकुती राहिली, गाढवा. सोड आणि परत बांध."

"जी, स्तारशिना," कर्नल म्हणाला आणि त्यानं पट्टी सोडली.