एटापल्लीपर्यंतची शर्यत

“दोन्ही हातांनी धरा, दादा. हा काही बैलाचा कासरा नोहे,” इसरू म्हणाला.

मुखरूने खिशातून नाणे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. इसरूने मूठ मिटली. तो यंत्रामागे वाकला आणि लगेच वर येऊन म्हणाला, “झालं. वहिनी, तुम्ही इथी स्टुलावर बसा.”

ऊर्जानगरच्या बाजारातल्या इसरूच्या टिनाच्या खोलीत नाणे टाकून खेळायचे हे मोटारशर्यतीचे यंत्र नागपूरहून नुकतेच आले होते. लाकडी पेटी, पुढे काच आणि खऱ्या मोटारीसारखे चाक. काचेत एक लाल गाडी धावत होती. काचेच्या तळाशी इंग्रजी अक्षरे सारखी लुकलुकत होती. वच्छलेला इंग्रजी येत नव्हते. लग्नमांडवातल्या दिव्यांसारखी ती तिला निव्वळ शोभेची वाटली.

मुखरू वीजकेंद्रातल्या कामगारांची बस चालवीत असे. पावसाळ्यात त्याची आणि वच्छलेची एकुलती लेक चंदा तापाने गेली, आणि तेव्हापासून त्याने बसला हात लावला नव्हता. रजा वाढत गेली. आता निरोप आला होता: सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. तरीही तो दिवसभर दाराशी बसून राही आणि आत चुलीपुढे बसलेल्या वच्छलेकडे पाहत राही. त्या घरात शब्दांचे काम उरले नव्हते. हो की नाही, एवढे मानेनेच भागत असे. माणूस रस्त्याला भ्यायला आहे, असे वच्छलेने मनाशी ठरवून टाकले होते. म्हणूनच काल इसरू घरी आला तेव्हा तिने तत्काळ मान डोलावली होती.

“वहिनी, दादाले घेऊन या,” तो म्हणाला होता. “चाकावर हात बसला का भीती जाते. पण शर्यत लांब आहे. तोच तो रस्ता पाहून मन उडते, डोळे मिटतात. बाजूले कोणी बोलणारं पायजे.”

आता वच्छला ओठ मिटून बसली होती. काचेतला रस्ता वळत होता, चाक फिरत होते. हळूहळू मुखरूची मान झुकली. सावरली, पुन्हा झुकली.

“झोप येऊन राह्यली,” तो पुटपुटला. “आता जाते गाडी नाल्यात.”

वच्छलेने त्याचा दंड धरला. जुन्या रहाटासारखा करकरत शब्द वर आला.

“डावीकडे.”

इसरूने चमकून तिच्याकडे पाहिले. मुखरूने मात्र काचेवरची नजर हलवली नाही.

“बरं झालं सांगितलं. पुढं कोणतं गाव?”

काचेतल्या रस्त्यावर गाव कुठले असायला! पण वच्छलेला फार शोधावे लागले नाही. लग्न झाले तेव्हा मुखरू बांबूचा ट्रक चालवीत असे, आणि एटापल्लीहून ती त्याच ट्रकमधून सासरी आली होती. तोच रस्ता तिने आता माहेराच्या दिशेने धरला.

“मूल.”

“मंग?”

“सावली. मंग वैनगंगेचा पूल. हळू घ्या, पुलावर म्हशी राह्यतात.”

“म्हशीले हॉर्न ऐकू येत नाई.”

“तुम्हाले तरी कुठी येते!”

इसरू खुदकन हसला. वच्छलेला मात्र हसण्यास सवड नव्हती; तिच्यापुढे गडचिरोली मागे पडत होती.

“चामोर्शीच्या बाजारात थांबू नका. मागल्या खेपेले वाळली मासोळी घेतली, तं आष्टीपर्यंत नाक धरून बसली मी.”

“आणि घरी जाऊन तूच खाल्ली सारी.”

“काऊन नाई खाणार? पैसे काय म्हशीनं देल्ले होते?” ती बोलता बोलता थबकली. “अजी, हे वाकडं झाड मघाबी आलं होतं ना?”

“जंगलात सारी झाडं सारखीच. तू बोल. तू थांबली का माहा डोळा लागते.”

मग ती थांबली नाही. आलापल्लीचे सागवान आले, मोहाची झाडे आली, आईने पहिल्या भेटीत जावयाला वाढलेला मोहाच्या फुलांचा लाडू आला. बोलता बोलता ती स्टुलावरून अर्धवट उठली होती. तेवढ्यात काचेत समोरून एक ट्रक अंगावर आला.

“चंदाचे बाबा! समोर पाहा!”

यंत्राच्या खडखडाटातही ते नाव स्वच्छ ऐकू आले. मुखरूचे दोन्ही हात चाकावरून सुटले. गाडी मात्र केसभरही ढळली नाही. ट्रकला अलगद वळसा घालून पुढे निघून गेली. वच्छलेचे डोळे भरून आले. हात सोडले तरी गाडी ज्याचे ऐकते, असा सराईत ड्रायव्हर आपला नवरा आहे. आणि आपण त्याला भित्रा समजत होतो!

“एटापल्ली आली,” ती हलकेच म्हणाली. “उतरा आता.”

मुखरूने बाहीने तोंड पुसले. “सोमवारी ड्युटीवर जातो,” तो म्हणाला.

कोणाचे उपकार आधी मानावेत, हे वच्छलेला कळेना. तिने इसरूच्या डोक्यावरून हात फिरवला. “तुहं भलं होवो, बाबू. माणूस परत दिला तू मले.” मग दमून आलेल्या बैलाची पाठ थोपटावी तसा तिने त्या लाकडी पेटीवर तळहात ठेवला, आणि दोघांसाठी चिवडा आणायला ती बाहेर पडली. ठेलेवाल्याशी तिने मिरचीवरून वाद घातला, जिंकला, आणि वर मूठभर शेंगदाणेही मागून घेतले.

ती परत दाराशी आली तेव्हा आतून इसरूचा आवाज येत होता.

“हे घ्या दादा, तुमचं नाणं. हे नाई टाकलं तं गाडी आपल्या मनानंच पयत राह्यते, शर्यत संपतच नाई. पण तुम्ही चाक सोडलं, आन् माहा जीवच उडाला; म्हटलं, वहिनीनं ओळखलं आता.”

“उद्याबी टाकू नको,” मुखरू म्हणाला. “पावसाळ्यापासून आज पहिल्यांदा बोलली ती.”