तळमजल्यावरची जनगणना

जनगणनेच्या कामावर असलेल्या आम्रपालीबाई कर्वेनगरच्या त्या सोसायटीत पोचल्या, तेव्हा लिफ्ट बंद होती आणि त्यांचा पाय आदल्याच दिवशी मुरगळला होता. तळमजल्यावर एकटेच राहणारे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, दीनानाथ आगाशे, यांनी दार उघडलं.

"सर, वरच्या लोकांना इथंच बोलावून माहिती घेतली तर चालेल?"

"चालेल की. जगात सगळ्यात जास्त माणसं आपल्या देशात, पण या घरात व्हॅटिकनपेक्षाही कमी. जागा भरपूर आहे."

सरांनी इंटरकॉमवरून सगळ्या मजल्यांना निरोप दिला. लोक आले. आधी दारातच उभे राहिले. मग खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा सरांनी सतरंजी अंथरली. तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी सरांच्या स्वयंपाकघरात शिरून चहा टाकला. दुसऱ्या मजल्यावरच्या पूर्वाला तिच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाचं नाव दोन वर्षांनी कळलं. कुणाचं तरी बाळ सरांच्या मांडीवर झोपलं. पायाला मुंग्या आल्या, तरी सर हलले नाहीत.

संध्याकाळी सगळे पांगले. बाईंनी शेवटचं नाव लिहायला घेतलं.

"सर, घरात राहणारी माणसं किती?"

"एक."

बाई निघाल्या. सर त्यांना दारापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले,

"बाई, मोजणीत काहीतरी चूक झाली, असं सांगून उद्या सगळ्यांना पुन्हा बोलावता येईल का हो?"